सल्ला: ग्लासातलं पाणी तपकिरी झालं, आता आरओ घ्यायचाच का?

ताई, नमस्कार. दीड वर्षापूर्वी आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे एका नवीन टॉवरमध्ये राहायला आलो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि अडीच वर्षांची मुलगी. महापालिकेचं पाणी येतं, पण पुरत नाही. मार्चपासून टँकर सुरू होतात, शिवाय सोसायटीची बोअर आहे. गेल्या आठवड्यात एक सेल्समन घरी आला. आमच्या नळाच्या पाण्यात त्याने सळया असलेलं एक यंत्र बुडवलं आणि दोन मिनिटांत पाणी तपकिरी झालं, वर हिरवट फेस आला. त्याच्या आरओचं, म्हणजे क्षार काढणाऱ्या फिल्टरचं पाणी मात्र जसंच्या तसं. "हे तुम्ही मुलीला पाजताय," असं म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मशीन 21 हजारांचं, वर दरवर्षी एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. सासूबाई म्हणतात, गाळून उकळलं की झालं. ह्यांनी पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर मागवला, तो आता जानेवारीत किचनच्या नळाला 95 दाखवतो. शेजारच्यांनी गेल्या मे महिन्यात मोजलं तेव्हा 640 होता. मग घ्यायचा की नाही? कुठला? आणि घेतला तर सांभाळायचा कसा? सेल्समन रविवारी ॲडव्हान्स घ्यायला येणार आहे.

— घोडबंदर रोड, ठाणे

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुमच्या त्या रात्रीच्या झोपेबद्दलच लिहावंसं वाटलं. नोकरीची तीस वर्षं मी प्रयोगशाळेत पाणी तपासत होते. त्या ग्लासात काय झालं ते मी तुम्हाला नीट सांगू शकते, आणि ते कळलं की निम्मी काळजी मिटेल.

त्या यंत्राच्या सळयांपैकी एक लोखंडाची असते. विजेचा प्रवाह सुरू झाला की सळईतलंच लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तो तपकिरी गाळ आणि हिरवट फेस म्हणजे हा गंज. तुमच्या पाण्यातली घाण बाहेर आली, असं काही तिथे घडलेलं नाही. पाण्यात विरघळलेले क्षार असले की त्यातून वीज वाहते, म्हणून नळाच्या पाण्यात गंज पटकन सुटतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, वीज वाहत नाही, सळई तशीच राहते आणि पाणी स्वच्छ दिसतं. तो पुन्हा आला तर त्याच्याच 'शुद्ध' पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि सळया बुडवायला लावा. तेही तसंच तपकिरी होईल. घरच्या घरी विजेच्या तारा जोडून हा प्रयोग करायला मात्र जाऊ नका. आईच्या काळजीवर बोट ठेवून वस्तू विकायची ही पद्धत मला फार खुपते, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता तुमच्या पाण्याकडे वळू. ठाणे महापालिका भातसा नदीचं पाणी पिसे बंधाऱ्यावरून उचलते आणि टेमघरला शुद्ध करते. त्याशिवाय स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं, एमआयडीसीचं आणि काही भागांत मुंबई महापालिकेचं पाणी येतं. पलीकडे नवी मुंबईला मोरबे धरण आहे, ते पाणी भोकरपाड्याला शुद्ध होतं. नावं वेगवेगळी असली तरी हे सगळं सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं, धरणात साठलेलं पाणी. जमिनीच्या पोटात वर्षानुवर्षं मुरलेलं नसल्यामुळे त्यात क्षार कमी असतात आणि ते मऊ असतं. तुमच्या मीटरवर आलेला 95 हा आकडा अगदी त्याला साजेसा आहे. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस 10500, त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणी मिळतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे जानेवारीतलं तुमचं पाणी क्षारांच्या बाबतीत उत्तम आहे. असं पाणी आरओतून काढलं तर 95 चं आठ-दहा होणार, चव सपक लागणार आणि तेवढ्यासाठी तिप्पट पाणी मोरीत जाणार.

मे महिन्यातला 640 ही वेगळी गोष्ट आहे. तो आकडा बोअरचा किंवा टँकरचा, बहुधा दोघांचा मिळून. घोडबंदरच्या पट्ट्यात खाडी जवळ आहे, उन्हाळ्यात बोअर खोल उपसल्या की पाणी मचूळ होतं. टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे तर पाणी आणणाऱ्यालाच माहीत. म्हणून मशीनचा विचार करण्याआधी एक काम करा. सोसायटीत पंप चालवणारा जो माणूस असेल त्याला गाठा आणि विचारा: बोअरची लाइन कुठल्या टाकीत पडते? टँकर कुठे रिकामा होतो? बऱ्याच नव्या टॉवरना फ्लशसाठी वेगळी लाइन आणि गच्चीवर वेगळी टाकी असते. तशी असेल तर बोअर फक्त तिकडे सोडायची आणि किचनच्या लाइनला महापालिकेचंच पाणी ठेवायचं, एवढं सेक्रेटरींना पटवता आलं तर तुमच्यासकट सगळ्या इमारतीचा प्रश्न एका व्हॉल्व्हवर सुटू शकतो. हे शक्य असतानाही घरोघरी आरओ बसवलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी हळहळ वाटली आहे.

मीटर घरात आहेच, तर किचनच्या कॅलेंडरवर आकडे लिहायला लागा. महिन्यातून दोनदा पुरे. मार्चनंतर मात्र टँकर आला की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा. शेजारच्यांचा मे महिन्यातला आकडा एकदाचा आहे. तो चार दिवस टिकतो की चार महिने, यावर तुमचा सगळा निर्णय अवलंबून आहे.

पण मीटरवर नको तेवढा विश्वासही टाकू नका. पाण्यातून वीज किती वाहते ते तो मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो, बस. काविळीचे विषाणू, कॉलराचे जंतू, फुटलेल्या गटाराच्या लाइनमधून झिरपलेली घाण यातलं काही त्याला दिसत नाही. 95 टीडीएसचं पाणी पिऊन माणसं आजारी पडू शकतात. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं. लाइन रिकामी असते तेव्हा जुन्या सांध्यांतून बाहेरचं पाणी आत शिरतं, पहिल्या पावसात तर जास्तच. त्यामुळे धरणाचं मऊ पाणी पिणाऱ्या घराला खरी गरज असते जंतू मारण्याची, आणि त्यासाठी यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा साधा फिल्टर पुरतो.

इथे सासूबाईंची बाजू घ्यायलाच हवी. पाण्याला खळखळून उकळी आली आणि मिनिटभर ती राहिली की रोगजंतू मरतात. कुठल्याही मशीनच्या तोडीचं काम आहे हे. उकळून क्षार जात नाहीत, इतकंच. उलट थोडं पाणी वाफ होऊन गेल्यामुळे ते किंचित वाढतात. पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तो पाण्याच्या जडपणातला उकळीने खाली बसणारा भाग. उन्हाळ्यात तुमच्या पातेल्याला हा थर बसतो का, हेही सासूबाईंनाच विचारा, त्यांच्या लक्षात नक्की असेल. मशीन येईपर्यंत मुलीला उकळलेलंच पाणी द्या. ते झाकून गार करा आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, म्हणजे कुणाचा हात आत बुडणार नाही.

आणखी एक पैसे खर्च करण्यासारखं काम. मे महिन्यात, बोअर-टँकर सुरू असताना, किचनच्या नळाचं पाणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत एकदा तपासून घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली तेच देतात. ती घरी उघडून धुवायची नाही आणि भरली की थंड ठेवून त्याच दिवशी पोचवायची. अहवालात टीडीएससोबत जडपणा, क्लोराइड आणि नायट्रेट बघा. नायट्रेटची मर्यादा 45 आहे आणि त्यात सूट नाही. बोअरमध्ये सांडपाणी मुरत असेल तर ते तिथे उघडं पडतं. नायट्रेट उकळून जात नाही, यूव्हीनेही जात नाही. ते जास्त निघालं तर आरओ घ्याच, मग टीडीएस कितीही असो.

तर घ्यायचा की नाही? तुमच्या दोन आकड्यांवरून माझं मत असं. बोअर किचनच्या लाइनमधून बाहेर काढता आली तर यूव्ही घ्या आणि निश्चिंत व्हा. नाही जमलं आणि उन्हाळाभर आकडा 500 च्या वर राहत असेल तर आरओ आणि यूव्ही दोन्ही असलेलं मशीन घ्या. मे 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की जिथे टीडीएस 500 च्या आत आहे तिथे आरओ वापरायला मनाई करा, आणि जिथे परवानगी असेल तिथे किमान 60 टक्के पाणी पिण्यासाठी मिळालं पाहिजे. त्यामागचं कारण पाणी वाया जाण्याचंच होतं.

मशीन बघायला जाल तेव्हा आयएस 16240 हा क्रमांक असलेलं आयएसआय चिन्ह बघा, ते खास आरओसाठीचं मानक आहे. दुकानदाराला विचारा की एक लिटर शुद्ध पाण्यामागे किती लिटर बाहेर जातं. साध्या मशीनला तीन लिटर जातं, आता त्याहून कमी घालवणारी मशीन मिळतात आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. तांबं, अल्कलाइन, झिंक, सात टप्पे, नऊ टप्पे यांच्यासाठी मात्र जास्त देऊ नका. त्यापेक्षा गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर, क्लोरीन शोषणारा कार्बन आणि क्षार अडवणारा पातळ पडदा म्हणजे मेम्ब्रेन, यांची आजची किंमत विचारून एका कागदावर लिहून घ्या, आणि हे सुटे भाग बाजारात इतर कुणाकडे मिळतात का तेही. पाच वर्षांत या भागांवरही बरेच पैसे जातात.

तुमच्यासारख्या घरात टीडीएस कंट्रोलर असलेलं मशीन उपयोगी पडतं. हा एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळतं. पावसाळा-हिवाळ्यात तो उघडा ठेवायचा, चव राहते. टँकर सुरू झाले की पूर्ण बंद करायचा, कारण मिसळलेल्या पाण्यात बोअरमधलं जे काही असेल ते परत येतं. अट एकच: हे मिसळणारं पाणी यूव्हीतून जाऊन मगच टाकीत पडलं पाहिजे. झाकण उघडून नळ्या कुठून कुठे जातात ते दाखवायला सांगा. दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

आता सांभाळण्याबद्दल, आणि हाच भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात. पाणी आधी सेडिमेंट फिल्टरमधून जातं. मेकॅनिक त्याला 'स्पन' म्हणतात, पांढऱ्या सुताच्या गुंडाळीसारखा असतो. तो गाळ अडवतो. बाहेरचा प्री-फिल्टर पारदर्शक भांड्यातला घ्या, म्हणजे स्पन रोज नजरेसमोर राहतो. जुलैत त्याचा रंग चहाच्या गाळासारखा होईल. आपल्याकडे तो तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो, पावसाळ्यानंतर तर हमखास. काही शे रुपयांचं काम आहे आणि भांडं उघडायच्या पान्याने सासरेही ते करू शकतील.

त्यानंतर कार्बन. महापालिका जंतू मारायला पाण्यात क्लोरीन घालते आणि आपल्या नळापर्यंत त्यातला थोडा शिल्लक असावा लागतो. कार्बन तो शोषून घेतो, कारण मेम्ब्रेनला क्लोरीन अजिबात सोसत नाही. पातळ पापुद्र्याचा तो थर क्लोरीनने विरत जातो आणि मग क्षार सरळ आरपार जातात. माझी धाकटी बहीण ऐरोलीला राहते. तिने दोन वर्षं कार्बन बदलला नाही, 'पाणी तर छान येतंय' म्हणून. शेवटी मेम्ब्रेनच गेलं, आणि साध्या कार्बनचे वाचवलेले पैसे तिथे कितीतरी पटीने भरावे लागले. कार्बन सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने बदला. तुमच्या सोसायटीत टाक्या साफ करून ब्लीचिंग पावडर मारली जाईल त्या दिवशी मशीनचा इनलेट व्हॉल्व्ह आठवणीने बंद ठेवा. बेसिनच्या नळाला क्लोरीनचा उग्र वास यायचा थांबला की मगच उघडा. लिफ्टजवळच्या बोर्डावर नोटीस लागते, ती त्यासाठी वाचायची.

मेम्ब्रेन नीट जपलं तर दोन-तीन वर्षं चालतं. ते बदलायची वेळ कॅलेंडर सांगत नाही, मीटर सांगतो. आत जाणारं पाणी 640 असेल आणि बाहेर येणारं 40-60 असेल तर मेम्ब्रेन ठणठणीत आहे. दीडशेच्या पुढे जायला लागलं की बदलायची तयारी करा. मात्र मोजायच्या आधी कंट्रोलर पूर्ण बंद करा, पंधरा-वीस मिनिटं मशीन चालू द्या आणि मेम्ब्रेनमधून येणाऱ्या नळीचं पाणी घ्या. हे मुद्दाम सांगते आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या मेकॅनिकने "मेम्ब्रेन गेलं, बघा 210 येतोय" म्हणून सांगितलं. मी कंट्रोलर बघितला तर तो उघडा होता. बंद करून पुन्हा मोजलं, 30 आला. तेच मेम्ब्रेन अजून चालू आहे. काम होईपर्यंत मेकॅनिकजवळ उभं राहा, काढलेले जुने भाग मागून घ्या आणि नव्या भागावर बसवल्याची तारीख मार्करने लिहा.

यूव्हीचा दिवा वर्षाने बदलायचा. निळा उजेड दिसत राहतो पण जंतू मारण्याची ताकद कमी झालेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये. एका मे महिन्यात आम्ही तीन आठवडे गावी होतो. परत आल्यावर भर दुपारी तहानेने व्याकूळ होऊन मशीनच्या टाकीतलंच पाणी प्यायलो. दोन दिवस घरात सगळ्यांची पोटं बिघडली. टाकी उघडली तर आतून बोटाला बुळबुळीत लागत होती. कार्बनने क्लोरीन काढून टाकलेलं असतं, यूव्हीचा परिणाम पाणी त्यातून जातं तेवढ्यापुरता असतो. त्यामुळे टाकीत साठलेल्या पाण्याला राखण अशी कुणाचीच नसते. दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर जायचं असेल तर टाकी रिकामी करून, मशीन बंद करून जा. आल्यावर पहिल्या दोन टाक्या भरून सोडून द्या. एरवीही सहा महिन्यांनी टाकी आतून धुवून घ्या, आणि तोटीचं तोंड आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्याने पुसा. ओल्या हातांनी, पिठाच्या हातांनी तीच तोटी दिवसभर फिरवली जाते.

एएमसीचं थोडक्यात सांगते. पहिलं वर्ष वॉरंटीचं असतं, तेव्हा ती घेऊ नका. पुढे घेताना मेम्ब्रेन, पंप आणि यूव्हीचा दिवा त्यात धरले आहेत का ते लेखी विचारा. नसतील तर ती फक्त येण्या-जाण्याची फी आहे आणि सुटे भाग आणून ओळखीच्या मेकॅनिककडून बसवणं स्वस्त पडतं.

राहिलं बाहेर पडणारं पाणी. तुमच्या पाच जणांना प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरलं तर साठ लिटर मोरीत जातं. ती नळी एका बादलीत सोडा. लादी पुसायला, खरकटी भांडी विसळायला, संडासात टाकायला ते पाणी चांगलं चालतं. उन्हाळ्यात झाडांना रोज घालू नका, क्षार साचून पानांच्या कडा करपतात, तुळशीला तर नकोच. आणि पाणी वाचावं म्हणून त्या नळीला चिमटा लावू नका. वाहून जाणारे क्षार आतच बसले की मेम्ब्रेन चोंदतं. भातसा धरण आहे त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या असतात. तुमच्या-माझ्या किचनमधून वाहून जाणारं पाणी तिथून आलेलं असतं, म्हणून बादलीचं एवढं सांगते आहे.

रविवारी ॲडव्हान्स देऊ नका. "मे महिन्यात पाणी तपासून मग ठरवू" एवढंच सांगा. 'ऑफर आजच संपते' म्हणाला तरी थांबा. आज तुमच्या नळाला 95 आहे. उकळून, झाकून ठेवलेलं ते पाणी मुलीला निर्धास्तपणे द्या. आणि सोमवारी सकाळी त्या पंपवाल्याला गाठा.